तासाला एक जलदूत: लघु अणुभट्टीच्या अभियंत्यांना लातूरहून खुलं पत्र

प्रति,
भारतीय लघु अणुभट्ट्यांच्या आराखड्यावर काम करणारे सर्व शास्त्रज्ञ आणि अभियंते,
भाभा अणुसंशोधन केंद्र, ट्रॉम्बे, मुंबई

सप्रेम नमस्कार.

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. दहा वॅगन, पाच लाख लिटर पाणी, नाव जलदूत. त्याआधीच शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलेलं होतं. गाडी बघायला आमच्या गल्लीतली पोरं स्टेशनवर गेली, वरात बघायला जावं तशी.

परवा कागद-पेन घेऊन एक हिशेब मांडला. कूलिंग टॉवर असलेल्या अणुवीज केंद्रात एका युनिट विजेमागे ढोबळमानाने अडीच लिटर पाणी वाफ होऊन आभाळात जातं. २२० मेगावॉटची भट्टी तासाला दोन लाख वीस हजार युनिट वीज करते. गुणाकार केला तर साडेपाच लाख लिटर. लातूरकरांनी डोळ्यांत प्राण आणून जिची वाट पाहिली, ती अख्खी गाडी तुमची लहान म्हणवणारी भट्टी एका तासात पिऊन टाकील. पुढे पन्नास वॅगनच्या, पंचवीस लाख लिटरच्या गाड्या आल्या. त्यातली एक गाडी पाच तासही पुरली नसती.

मी कोण ते सांगतो. औसा तालुक्यातला माणूस. साखर कारखान्याच्या बॉयलरवर एकतीस हंगाम काढले, शेवटची काही वर्षं सहवीजनिर्मितीच्या संचावर. अणुभट्टी मी एकदाच पाहिली आहे, तारापूरला, तीही बसच्या खिडकीतून. तेव्हा तुम्हाला शिकवायला बसलेलो नाही. पण पाण्याची वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं आणि उरलेली उष्णता कुठंतरी नेऊन टाकायची, हा धंदा तुमचा आणि माझा एकच. तुमच्या चुलीत युरेनियम, माझ्या चुलीत बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड.

२०२५च्या अर्थसंकल्पात अणुऊर्जा मिशनसाठी २०,००० कोटी रुपये जाहीर झाले. २०३३ पर्यंत किमान ५ स्वदेशी लघु अणुभट्ट्या चालू करायच्या, २०४७ पर्यंत अणुवीज १०० गिगावॉटवर न्यायची, असं ठरलं. कोळशाची केंद्रं जिथे म्हातारी होतील तिथे लहान अणुभट्ट्या बसवता येतील, ही भाषाही ऐकू येते. मराठवाड्यात कोळशाचं केंद्र कुठे आहे हे तुम्हाला माहीत आहे. आज ना उद्या हा विषय आमच्या दारात येणार असं मी धरून चाललो आहे, आणि माझा विरोध नाही. रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणून विंचू-काट्यात मोटर चालू करायला गेलेल्या माणसाला सूर्यावरच्या विजेचं कौतुक संध्याकाळी सहापर्यंतच असतं. मला एवढंच विचारायचं आहे: तुमच्या भट्टीचा सगळ्यात वाईट दिवस उजाडेल तेव्हा ती आमच्याकडे काय काय मागणार? माझ्या मते पुढच्या पिढीच्या भट्टीचं मोजमाप या एका प्रश्नावर व्हावं. ती किती मेगावॉट देते हे त्यानंतर बघू.

आधी पाणी. २०१३च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद करावं लागलं. दोन वर्षांनी पुन्हा तीच वेळ आली. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून पाणी यायचं, बंधाऱ्यातच पाणी उरलं नाही. कोळसा होता, माणसं होती, यंत्रं होती. इथे कुणी म्हणेल की ऊस लावणाऱ्यांनी पाण्यावर बोलू नये. खरं आहे. माझा सगळा पगार उसातून आला. उसात सत्तर टक्के पाणीच असतं, त्यामुळे कारखाना आपलं पाणी मोळीतून घेऊन येतो आणि त्यावरच चालतो. ते पाणी बोअरमधून कुणी उपसलं हे मात्र वजनकाट्यावर दिसत नाही. या पापात मी भागीदार आहे, म्हणूनच लिहितो आहे.

रीत अशी असते की आधी यंत्र ठरतं, मग त्याला पाणी मिळेल अशी जागा शोधतात. आमच्या भागासाठी हा क्रम उलटा करा. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात पालो व्हर्दे नावाचं अणुवीज केंद्र आहे. तीन भट्ट्या, मिळून ४,००० मेगावॉटच्या घरात. जवळ ना नदी ना समुद्र. फिनिक्स शहराचं सांडपाणी शुद्ध करून ते केंद्र चालतं. आपल्याकडेही नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या केंद्रात वापरतात. कुणी म्हणेल, लातूरचं वापरा. पण सांडपाणी यायला आधी नळाला पाणी यावं लागतं. २०१६ साली नळच कोरडे होते, गटारं कुठून वाहणार? ज्या वर्षी भट्टीला पाणी लागेल, नेमकं त्याच वर्षी ते नसेल.

दुसरा मार्ग हवेचा. मोटारीच्या रेडिएटरसारखे प्रचंड पंखे लावून वाफ थंड करायची. नूस्केल कंपनीच्या लहान भट्ट्यांचा अमेरिकेतला प्रकल्प असाच आखला होता. पाण्याची गरज नव्वद टक्क्यांहून जास्त घटत होती आणि बदल्यात थोडी वीज गमवावी लागत होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला, कारण वीज फार महाग पडायला लागली होती. म्हणजे हवेवर थंड करणं जमतं, फक्त फुकट जमत नाही. आणि आमच्या मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची हवा कुणाला काय थंड करणार, हा प्रश्न राहतोच.

इथे माझं एक मत आहे, बॉयलरवाल्याचं मत समजून ऐका. पाणी वाचवायचं असेल तर भट्टी गरम हवी. ऐकायला उफराटं वाटतं. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांची वाफ अडीचशे अंशांच्या आसपास असते. शंभर भाग उष्णतेतून तीसेक भाग वीज होते, सत्तर भाग फेकावे लागतात. माझा बगॅसवरचा बॉयलर पाचशे अंशांची वाफ द्यायचा, हे मी तारापूरच्या बसमध्येही शेजाऱ्याला ऐकवलं होतं. चीनमध्ये शिदाओ बे इथे हेलियम वायूची भट्टी डिसेंबर २०२३ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देते. त्यात वायू ७५० अंशांपर्यंत तापतो आणि कार्यक्षमता चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते. हिशेब करा: तीस टक्क्यांवर एक युनिट विजेमागे सव्वादोनहून जास्त युनिट उष्णता फेकायची, चाळीस टक्क्यांवर दीड. फेकायची उष्णता एक तृतीयांशाने उतरली की तेवढंच पाणी उतरलं, किंवा पंखे तेवढे लहान झाले. कोरड्या प्रदेशासाठी तापमान ही चैन समजू नका.

त्या चिनी भट्टीचं इंधनही मजेशीर आहे. खसखशीएवढे इंधनाचे दाणे, प्रत्येकावर कार्बन आणि सिलिकॉन कार्बाइडचे थर, आणि असे हजारो दाणे ग्रॅफाइटमध्ये वळून केलेला सहा सेंटिमीटरचा गोळा. मोतीचुराचा लाडूच म्हणा. सोळाशे अंशांपर्यंत ते थर किरणोत्सारी माल आत धरून ठेवतात. पण असा लाडू फोडून आतलं इंधन पुन्हा वापरायला काढणं अवघड, आणि होमी भाभांच्या तीन टप्प्यांच्या कार्यक्रमाचा पायाच वापरलेलं इंधन पुन्हा वापरण्यावर आहे. तुमच्या घरातलं भांडण मला दिसतंय. त्यात मी पडत नाही. फक्त निवडताना पाण्याचा रकाना पहिल्या पानावर असू द्या.

आता एका रात्रीची गोष्ट. कारखाना कोणता ते सांगत नाही. जानेवारी, गाळप ऐन भरात. रात्री अडीचच्या सुमाराला बाहेरची लाईन गेली आणि काही सेकंदांत आमचं टर्बाइनही ट्रिप झालं. सगळीकडे काळोख. चालती मिल एकदम थांबते तेव्हाची शांतता ज्यानं ऐकली त्यालाच ठाऊक. बॉयलरला पाणी देणारे विजेवरचे फीड पंप बंद पडले, पण ग्रेटवर, म्हणजे भट्टीतल्या जाळीवर, बगॅसचा थर जळतच होता. त्याला वीज गेल्याचं कोण सांगणार? बॉयलरच्या ड्रममधलं पाणी उतरायला लागलं. डिझेल जनरेटर आपोआप सुरू व्हायला हवा होता, झाला नाही. पळत गेलो तर बॅटरीच जागेवर नाही, नुसत्या वायरी लोंबताहेत. कुणीतरी ट्रॅक्टरला लावायला नेली होती.

कंट्रोल रूमच्या पॅनेलवरचे दिवे त्यांच्या वेगळ्या बॅटऱ्यांवर जिवंत होते. आमच्याकडे लाल दिवा म्हणजे चालू किंवा उघडं, हिरवा म्हणजे बंद. ड्रममधलं पाणी बाहेर सोडणाऱ्या इमर्जन्सी ब्लोडाऊन व्हॉल्व्हचा दिवा हिरवा, म्हणजे तिथून पाणी जात नाही. तरीही पातळी अंदाजापेक्षा भराभर खाली येत होती. गेज ग्लासपाशी उभा असलेला फायरमन ओरडला, "साहेब, काचंत पाणी बोटभरच ऱ्हायलंय!" आमच्या पाळीवर एक म्हातारे बॉयलर अटेंडंट होते, सगळे त्यांना मामा म्हणत. मामांनी खिशातून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला. टोक व्हॉल्व्हच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. दोन-तीन श्वासांनंतर म्हणाले, "ह्यो बंद न्हाई."

बंद होण्याचा हुकूम त्या व्हॉल्व्हला मिळाला होता. मोटर अर्ध्यावर असतानाच वीज गेली आणि तो तिथेच अडकला. दिव्याची वायर मात्र हुकमाच्या बाजूला जोडलेली. हुकूम सुटला, दिवा हिरवा झाला. आम्ही दोघांनी चाक हातानं फिरवून तो बंद केला आणि उरल्यासुरल्या वाफेवर चालणारा जुना पंप सुरू केला. पातळी सावरली. आणखी दोन मिनिटं गेली असती तर पाणी घालायचीही चोरी होती. कोरड्या तापलेल्या नळ्यांवर थंड पाणी गेलं की काय होतं हे कुठल्याही फायरमनला विचारा.

पुढे कितीतरी वर्षांनी थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रातल्या अपघाताबद्दल वाचलं आणि अंगावर काटा आला. २८ मार्च १९७९, अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया. दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडा अडकला होता आणि पॅनेलवरचा दिवा सांगत होता की बंदचा हुकूम गेला आहे. शंभरावर अलार्म एकाच वेळी वाजत होते. भट्टीतलं पाणी दोन तासांहून जास्त वेळ त्या वाटेनं जात राहिलं. पुढच्या पाळीवर आलेल्या माणसाच्या लक्षात आलं तेव्हा त्या अडकलेल्या व्हॉल्व्हमागचा दुसरा व्हॉल्व्ह बंद करण्यात आला, पण तोवर गाभ्याचा बराच भाग वितळायच्या वाटेला लागला होता. तिथे मामा नव्हते, आणि असते तरी तिथे कान लावायला जाता आलं नसतं. म्हणून मागणं करतो: तुमच्या कंट्रोल रूममधला प्रत्येक दिवा यंत्राची खरी अवस्था मोजून पेटला पाहिजे. हे आता जगभर मान्य झालेलं आहे, तुम्ही हसाल. माझ्या कारखान्यातही कागदावर मान्य होतं.

आणि भट्टी विझवली तरी ती विझत नाही, हा तुमच्या-माझ्या चुलीतला खरा फरक. माझ्या ग्रेटवरचा बगॅस तासाभरात राख होतो. तुमचं इंधन साखळी प्रक्रिया थांबल्या क्षणीही पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के उष्णता देत असतं, तासाभरानं दीडेक टक्का, दिवसानं अर्ध्या टक्क्याच्या आसपास. अर्धा टक्का ऐकायला काहीच नाही. २२० मेगावॉट विजेच्या भट्टीत मुळात साडेसातशे मेगावॉट उष्णता असते, त्याचा अर्धा टक्का म्हणजे पावणेचार मेगावॉट. एवढी उष्णता नुसतं पाणी उकळवून काढायची तर तासाला पाच हजार लिटर लागतं. दर दोन तासांना दहा हजारांचा एक टँकर, रात्रंदिवस, आणि हे भट्टी बंद झाल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी. टँकरची खेप वेळेवर येते की नाही, हे आमच्या कुठल्याही वाडीवरच्या बाईला विचारा.

११ मार्च २०११ ला फुकुशिमात भट्ट्या भूकंपाबरोबर व्यवस्थित बंद झाल्या होत्या. बाहेरची वीज गेली होती, डिझेल जनरेटर चालू झाले होते. मग त्सुनामीनं ते बुडवले. तिथल्या कामगारांनी गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि मीटर वाचण्यापुरती वीज केली. आमच्याकडे बॅटरी यंत्राकडून ट्रॅक्टरकडे गेली होती, त्यांच्याकडे गाड्यांकडून यंत्राकडे आली, एवढंच. दोन नंबरच्या भट्टीत तिच्याच वाफेवर चालणारा पंप जवळजवळ तीन दिवस टिकला, हे वाचून मला आमचा तो जुना पंप आठवला. शेवटी तोही थांबला. तीन भट्ट्यांचे गाभे वितळले.

तुम्हाला यावरचा उपाय माहीत आहे, तुमच्याच लोकांनी तो कागदावर काढलेला आहे. थोरियम वापरणारी ३०० मेगावॉटची प्रगत जड पाण्याची भट्टी: गाभ्यातलं पाणी फिरवायला पंपच नाहीत, गरम पाणी वर चढतं आणि थंड खाली येतं त्यावरच सगळं. डोक्यावर आठ हजार घनमीटरची टाकी, म्हणजे पहिल्या जलदूताच्या सोळा खेपा आधीच भरून ठेवलेल्या. काही बिघडलं तर पाणी आपल्या वजनानं खाली येणार. हा आराखडा मी वाचला तेव्हा वाटलं, हा काढणारा माणूस कधीतरी अंधारात जनरेटरकडे पळालेला आहे. ती भट्टी अजून उभी राहिली नाही. काकरापारच्या ७०० मेगावॉटच्या भट्ट्यांत पंपाशिवाय उष्णता काढायची सोय आली, ही चांगली गोष्ट. आता लहान भट्टी म्हणून २२० मेगावॉटचंच जुनं यंत्र नव्या रूपात पुढे येतंय. ओळखीचं यंत्र बरं असतं, त्याच्या खोडी माहीत असतात, सुटे भाग इथलेच. मीही तेच म्हटलं असतं. पण जुनं यंत्र आणणार असाल तर त्याच्या डोक्यावर ती टाकी ठेवून आणा.

नरोऱ्याचा प्रसंग तुम्हाला सांगायला नको, तो तुमच्या घरचा आहे. ३१ मार्च १९९३, उत्तर प्रदेश, हीच २२० मेगावॉटची भट्टी. टर्बाइनची पाती तुटली, आग लागली, केबली जळाल्या आणि अख्खं केंद्र सतरा तास विजेविना राहिलं. माणसं हातात टॉर्च घेऊन अंधारात भट्टीच्या इमारतीवर चढली आणि हातानं व्हॉल्व्ह उघडून साखळी प्रक्रिया दाबून ठेवणारं बोरॉन आत सोडलं. आग विझवायच्या डिझेल पंपांनी पाणी पुरवलं. भट्टी वाचली. त्या माणसांपुढे मी हात जोडतो. पण त्यांच्या त्या जिन्यावर तुमचा पुढचा आराखडा टेकलेला नसावा. माणूस शूर निघेल यावर यंत्र बेतायचं नसतं. पाळीवरचा माणूस पहाटे तीनला कसा असतो हे मला माहीत आहे: त्याला झोप येते, घरी पोरगी आजारी असते, आणि बॅटरी कुणी नेली हे त्याला माहीत नसतं.

३ एप्रिल १९८६ला अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये सोडियमच्या एका प्रायोगिक भट्टीवर पूर्ण ताकदीवर असताना मुद्दाम मुख्य पंप बंद केले, आपोआप बंद पडायची व्यवस्थाही निकामी करून ठेवली. तापमान चढलं, गाभा प्रसरण पावला, प्रक्रिया आपोआप मंदावली आणि भट्टी निवली. कुणी बोट लावलं नाही. त्यानंतर तेवीस दिवसांनी चेर्नोबिल झालं. तिथल्या भट्टीचा स्वभाव उलटा होता, पाण्याची वाफ झाली की ती आणखी पेटायची. यंत्राला स्वभाव असतो हे बॉयलरवाला पहिल्याच हंगामात शिकतो. तो स्वभाव गाभ्यात घाला, नियमांच्या पुस्तकात नको.

नरोऱ्याच्याच वर्षी, १९९३च्या सप्टेंबरात, किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते, ३० तारखेला पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. आठ-दहा हजार माणसं गेली. कारखान्यात ओव्हरहॉलिंग चालू होतं, आम्ही क्रेनसकट ट्रक घेऊन निघालो आणि पुढचे काही दिवस काय उचललं ते मी लिहीत नाही. दोन गोष्टी मात्र लिहितो. पहिली, तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशावर आमचा भाग सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात होता, क्रमांक एक. पुढे नकाशा बदलला आणि आम्ही तिसऱ्यात गेलो. जमीन तीच होती. दुसरी, माणसं मेली ती बहुतांशी माळवदाखाली. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, लाकडांवर हात-दोन हात मातीचं छत. उन्हाळ्यात ते घर इतकं गार असतं की पंखा लागत नाही. एका प्रश्नाला इतकं चोख उत्तर दुसरं नव्हतं, आणि त्या पहाटे तेच डोक्यावर आलं. तुमची ती टाकी डोक्यावर ठेवाच, पण ठेवताना माळवद आठवा. आठ हजार घनमीटर पाणी म्हणजे आठ हजार टन वजन, आणि आमच्या जमिनीचा नकाशा एकदा चुकलेला आहे.

अणुवीज केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंत आणीबाणीचं नियोजन करावं लागतं. कागदावर गावांची यादी आणि लोकसंख्या असते. हंगामात आमच्याकडे बीड भागातून शेकडो कोयते येतात, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उसाच्या फडाजवळ कोप्या, बैल, तान्ही लेकरं. जनगणनेत ही माणसं दुसऱ्या गावची, मोबाइलला चार्जिंग नाही, आणि बैल सोडून ती बसमध्ये चढणार नाहीत, कारण बैलांवर मुकादमाची उचल आहे. त्यांना तुम्ही दोन तासांत कुठे नेणार? चौथ्या पिढीच्या भट्ट्यांसाठी काही देशांनी २००२ साली ध्येयं लिहून काढली, त्यात एक असं आहे की कुंपणाबाहेर कुणाला हलवायची गरजच पडू नये. आपला देश त्या गटात नाही. पण ते वाक्य उचलायला कुणाची परवानगी लागत नाही. मला ते सगळ्यांत आवडलं.

खर्च आणि वेळ यांवर थोडक्यात. फिनलंडमधल्या ओल्किलुओटोच्या तिसऱ्या भट्टीचं काम २००५ साली सुरू झालं आणि नियमित वीज २०२३ साली आली. आपल्या कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या जलद भट्टीचं काम २००४ साली सुरू झालं, पुढचं तुम्हीच सांगा. लहान भट्टीचा सगळा भरवसा एकासारखी एक काढण्यावर आहे. पहिली उभी राहिली की दुसरीत सुधारणा करायचा मोह होईल, तो आवरा. आमच्या कारखान्यानं प्रत्येक विस्तारात वेगळ्या मेकचा बॉयलर घेतला आणि स्टोअरमध्ये तीन प्रकारच्या गॅस्केट सांभाळत आमची हयात गेली.

शेवटी विझवण्याबद्दल. कारखान्यात हंगामाच्या सुरुवातीला बॉयलर अग्निप्रदीपन असतं. मंडप, सत्यनारायण, चेअरमन सपत्नीक, पेपरात फोटो. एप्रिलमध्ये बॉयलर थंड करतो तेव्हा मी आणि एक हेल्पर. तुमची भट्टी साठ वर्षं चालेल, मग ती उतरवणार कोण आणि कोणत्या पैशानं, हे अग्निप्रदीपनाच्याच दिवशी लिहून ठेवा. डिसेंबर २०२५च्या नव्या कायद्यानं या क्षेत्रात खासगी कंपन्या येणार आहेत. कंपन्या बुडतात, विकल्या जातात. आमच्याकडे बंद पडलेल्या कारखान्यांच्या चिमण्या तशाच उभ्या आहेत, त्यांवर घारी बसतात. चिमणीचं तेवढं चालून जातं. वापरलेल्या इंधनाला वाली लागतो. कमी कचरा, सुटा करता येणारा गाभा, क्रेन आत जाऊ शकेल अशी दारं, हे सगळं आराखड्यातच ठरतं. नंतर भिंती फोडाव्या लागतात.

एक छोटं मागणं राहिलं. तुमच्या केंद्रात काही बिघडलं तर त्याचा अहवाल मराठीत, आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, दुसऱ्या दिवशी लागावा. मोठा नको. कोणता व्हॉल्व्ह, किती वाजता, कुणाच्या लक्षात आलं, एवढं लिहिलं तरी आमच्याकडे ते कळणारी माणसं आहेत. प्रत्येक गावात दोन-चार निवृत्त फायरमन निघतील.

आराखडा घेऊन कुणी इकडे येणार असाल तर ऑगस्टमध्ये येऊ नका, तेव्हा मांजरा हिरवीगार दिसते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात या. उतरायची सोय माझ्याकडे होईल. आंघोळीचं पाणी मात्र बादलीभरच मिळेल.

कळावे,
आपला,
एक निवृत्त बॉयलर इंजिनिअर
लातूर

ता.क. ती बॅटरी तिसऱ्या दिवशी सापडली. ट्रॅक्टर ऊस वाहतुकीचाच होता. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, जनरेटर तर कवाच चालू दिसला न्हाई, म्हनून नेली." लॉगबुकात मात्र दर सोमवारी जनरेटरची चाचणी झाल्याची सही होती. सही माझीच.